विसरण्याचा चहा आणि उसाचा रस

'गॉब्लिन' नावाच्या कोरियन मालिकेत मेलेल्या माणसाला आधी चहा देतात. देणारा यमदूत, पण रेडा नाही, पाश नाही. काळा सूट, काळी हॅट आणि झोप न झाल्यासारखा देखणा चेहरा. लहानशा टेबलावर तो कप ठेवतो. चहा प्यायला की झालेला जन्म पुसला जातो आणि माणूस दार उघडून पलीकडे निघून जातो. २०१६च्या डिसेंबरात ही सोळा भागांची मालिका कोरियात सुरू झाली. आपल्याकडे पोचायला तिला वेळ लागला, पण आता खडेबाजारात, शहापुरात, तिकडे निपाणीत, दुपारची भांडी आवरली की कितीतरी घरांत मोबाइल तांब्याला टेकवून हा चहा चालू असतो. सुरुवात लेकी-सुनांनी केली. आता सासवा पुढच्या भागाची वाट बघतात.

'काय ते खाणंपिणं, काय ते बघणं' असं मंदिराच्या पायरीवर कुणीतरी म्हणतंच. खाण्यापिण्याचं खरं आहे. 'गॉब्लिन'मधली पूर्वजन्मीची राणी या जन्मी चिकनचं दुकान चालवते, आणि सूर्यास्तानंतर जेवायचं नाही हा नियम त्या देशात कुणाच्या कानावरही गेलेला नाही. पण तेवढ्यावर हात झटकून मोकळं होता येत नाही. या मालिकांचा सगळा डोलारा पुनर्जन्म, पूर्वकर्म, जुनं वैर, जुनी प्रीती यांवर उभा आहे, आणि हा तर आपला घरचा माल. पुराणातल्या कथा ऐकत मोठ्या झालेल्या बायकांनी तरी या मालिका नुसत्या रडत बघू नयेत, हिशोब तपासत बघाव्यात. दुकानदारांच्या घरातल्या बायका आपण. खतावणी कुठं चुकली ते आपल्याला कळायला पाहिजे.

गोष्ट थोडक्यात अशी. किम शिन हा गोर्यो काळातला सेनापती. तरुण राजा वांग यो खोजा प्रधानाच्या नादी लागून त्याला मारवतो. शिनच्या बहिणीला, म्हणजे आपल्याच राणीलाही. युद्धात शिननं असंख्य माणसं मारलेली असतात, म्हणून देव त्याला वर आणि शाप एकदमच देतो: तो मरणार नाही. छातीत तलवार रुतलेली, डोळ्यांदेखत एकेक जिवलग जाणार, आणि हे सगळं त्याला आठवत राहणार. ती तलवार फक्त त्याची नवरी उपसू शकते, आणि उपसली की तो संपतो. इकडे वांग योचा जीव यमदूत झालेला आहे, स्मृती पुसलेला. मारणारा आणि मारला गेलेला एकाच घरात भाडेकरू आणि मालक म्हणून राहतात, भाजी कुणी निवडायची यावरून भांडतात, आणि दोघांनाही काही माहीत नसतं. लेखिका किम उन-सुक हिला या एका कल्पनेसाठी मी पैकीच्या पैकी गुण देते. पार्श्वनाथांच्या पूर्वभवांत कमठ आणि मरुभूती असेच जन्मोजन्मी एकमेकांसमोर येतात. कधी साप आणि हत्ती, कधी आणखी काही. पण दोघांना एका स्वयंपाकघरात आणून उभं करायचं आपल्या कथाकारांना सुचलं नाही.

आता तलवारीकडे नीट बघा. आपल्याकडे तीन शल्यं सांगितली आहेत: माया, मिथ्यात्व आणि निदान. शल्य म्हणजे अंगात रुतून बसलेलं टोक. वरून दिसत नाही, पण माणसाला स्वस्थ बसू देत नाही. त्यातलं निदान म्हणजे 'पुढच्या जन्मी मला अमुक मिळो' अशी मनात धरलेली गाठ. व्रती कोण, तर ज्याच्यात शल्य उरलं नाही तो. छातीत नऊशे वर्षं रुतलेली, इतरांना न दिसणारी तलवार हे शल्याचं इतकं नेमकं चित्र आहे की शास्त्रसभेत दाखवावं. फरक एवढाच, की आपल्याकडे ते ज्याचं त्यानं उपसायचं असतं. इथं त्यासाठी एक शाळकरी मुलगी लागते. (नऊशे वर्षांचा नवरदेव आणि गणवेशातली नवरी हे प्रकरण मला शेवटपर्यंत खुपलं, ते वेगळंच.)

आणि मग सुरू होतं कार्यालय. या मालिकांतला परलोक म्हणजे तालुक्याच्या कचेरीसारखा. यमदूतांना मरणाऱ्यांची नावं कार्डावर येतात. नायिका उन-ताक आईच्या पोटात असतानाच मरायची होती. शिननं आईला वाचवलं, म्हणून ही मुलगी यादीतून सुटलेली. तिच्या प्रकरणाचे कागद वर पाठवायचे राहिलेत म्हणून यमदूत वैतागलेला असतो. माणसाला एकूण चार जन्म, त्याचाही नियम ठरलेला. बघायला मजा येते. पण कार्यालय आलं की साहेब येतो, आणि साहेब आला की सूट मिळते. चौदाव्या भागात तेच होतं. संपलेला नायक नऊ वर्षांनी परत येतो, कारण त्याला यायचं असतं आणि आपल्यालाही तो यायला हवा असतो. नियम मोडला म्हणून कुणाला काही भोगावं लागत नाही. प्रेम हाच तिथला वशिला.

आपल्याकडे साहेबच नाही. कर्म कुणी देत नाही, कुणी माफ करत नाही. ते बांधलं जातं, उदयाला येतं, झडतं. जीव एक देह सोडला की दुसरीकडे जायला फार तर तीन-चार समय घेतो, आणि समय म्हणजे डोळ्याची पापणी लवायलाही असंख्य लागतात. त्यामुळे 'हॉटेल डेल लुना' (२०१९) ही दुसरी गाजलेली मालिका आपल्या हिशोबानं अशक्य आहे. त्यात मेलेले आत्मे पलीकडे जाण्याआधी एका हॉटेलात राहतात, राग-लोभ फेडतात, मग पूल ओलांडून जातात. असं हॉटेल आपण बेळगावात उघडलं असतं तर एक गिऱ्हाईक मिळालं नसतं. भूत, पिशाच हेसुद्धा आपल्याकडे व्यंतर देवांचे प्रकार, म्हणजे तोही एक जन्मच, आयुष्य ठरलेला. थांबायला, वाट बघायला जागाच नाही. दहावं-तेरावं नाही, पिंड नाही, कावळा नाही.

हे बोलायला फार स्वच्छ वाटतं. पण माझी एक आत्या आहे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिचा नवरा गेला. तेव्हापासून तिनं एकच वाक्य ऐकलं: 'पूर्वजन्मीचं असेल काहीतरी.' म्हणणाऱ्या वाईट नव्हत्या. चांगल्या, व्रतं करणाऱ्या, स्वाध्यायाला बसणाऱ्या बायका होत्या. तिनं माझ्याबरोबर 'गॉब्लिन' बघितली. यमदूत झालेला राजा आपला गुन्हा काय होता ते शोधत हिंडतो, तिथं ती मला थांबव म्हणाली. "ह्याला आठवतच न्हाई, तर शिक्षा कुणाला गं ही?" मी काहीतरी कर्मसिद्धांत सांगायला लागले, तर म्हणाली, "ते मला ठाऊक आहे की. मी इचारते ते येगळं."

ती विचारते ते खरोखर वेगळं आहे, आणि या मालिका आपल्या बायकांना का धरून ठेवतात त्याचं उत्तर मला त्यात दिसतं. आपल्याला पूर्वजन्म सांगितला जातो तो दोष म्हणून. कोरियन मालिकेत पूर्वजन्म सांगितला जातो तो ओळख म्हणून. 'तू मागच्या जन्मी राणी होतीस, तुझ्यावर अन्याय झाला होता, तुला कुणीतरी नऊशे वर्षं विसरलेलं नाही.' दुपारी दोन वाजता एकटीनं बसून हे ऐकणारी बाई रडणारच. त्यात कोरियाचं काय कौतुक?

पण आपल्या पुराणांनी तरी पूर्वजन्म दोष म्हणून सांगितला आहे का? मी पुन्हा वाचून बघितलं. कुणाचा पूर्वभव सांगायचा अधिकार पुराणात दोघांनाच आहे: एक, अवधिज्ञानी किंवा केवली मुनी, दोन, ज्याचा त्याला, जातिस्मरण झालं तर. सासूला नाही, शेजारणीला नाही, हळदीकुंकवाला आलेल्या वहिनीला तर नाहीच. ज्यांना उद्या काय होईल ते कळत नाही त्या दुसरीच्या मागच्या जन्माचा निकाल देतात, आणि तोही शास्त्राच्या नावावर.

जातिस्मरणाची सगळ्यात सुंदर कथा आदिपुराणात आहे. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी संस्कृतात ती सांगितली, पंपानं ९४१ साली कन्नडात. श्रीमती नावाची राजकन्या. एका रात्री आकाशातून जाणाऱ्या देवांचा जयघोष ऐकून तिला मूर्च्छा येते, आणि शुद्धीवर येते ती मागचा जन्म घेऊनच. स्वर्गातला ललितांग देव, तिचा पती, तिला आठवतो. ती कुणाला सांगत नाही; चित्र काढते. दोघांचं पूर्वायुष्य रेखाटून, खुणेच्या काही गोष्टी गुप्त ठेवून. पंडिता नावाची तिची दाई ते चित्र घेऊन जिनमंदिरात बसते. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी ज्याला ते ओळखू येईल तो तिचा. एक दिवस वज्रजंघ येतो, चित्र बघतो आणि त्यालाही आठवतं.

सांगा, याहून कोरियन काय असतं? सोळा भाग सहज निघतील. पहिले आठ तरी चित्र घेऊन बसलेल्या दाईवर.

आणि नेमकं इथून पुढं दोन्ही परंपरांची वाट वेगळी होते. मालिका लग्नाशी थांबली असती. पुराण थांबत नाही. श्रीमती-वज्रजंघ वनात दोन मुनींना आहार देतात. पुढं एका रात्री शयनगृहात धूप जळत असतो, खिडक्या उघडायचं सेवक विसरतात, आणि धुरानं दोघं झोपेतच जातात. ना वैरी, ना शाप, नोकराचा विसरभोळेपणा. भोगभूमी, स्वर्ग असं करत पुन्हा मनुष्यजन्म येतो तेव्हा वज्रजंघाचा जीव सुविधी राजा होतो, आणि श्रीमतीचा जीव त्याचा मुलगा, केशव. बायको होती ती पोटचा मुलगा झाली. प्रीती तीच, राजाला या मुलाचा लळा सोडवत नाही. शेवटी वज्रजंघाचा जीव ऋषभदेव होतो आणि श्रीमतीचा जीव हस्तिनापूरचा राजकुमार श्रेयांस.

पुढचं आपल्या लहान पोरींनाही पाठ आहे. दीक्षेनंतर भगवान आहारासाठी फिरताहेत. लोक हत्ती, रत्नं, कन्या पुढं करतात, पण मुनीला जेवण कसं द्यायचं हे कुणालाच ठाऊक नाही. श्रेयांस त्यांना बघतो आणि त्याला जातिस्मरण होतं: वन, दोन मुनी, आपल्या हातचा आहार. तो उसाचा रस देतो. ती अक्षय तृतीया. निपाणी-चिकोडीकडे अजून उसाच्या रसाचाच मान त्या दिवशी. चौका लावणाऱ्या, पडगाहनाला दारात उभ्या राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणींना माहीत असतं, की ही रीत एका बाईच्या आठवणीतून आली आहे?

मला इथं थांबायला होतं. श्रेयांस समोरच्या माणसाला ओळखतो. जन्मोजन्मीचा सोबती. या जागी कोरियन मालिकेत पियानो वाजतो, बर्फ पडायला लागतं आणि डोळे भरलेला नायक तिचं जुनं नाव घेतो. श्रेयांसाला आठवतं ते 'हा माझा' असं नाही. आठवतं ते 'याला भूक लागली असेल, आणि कसं वाढायचं ते मला माहीत आहे' एवढंच. आठवण हक्क सांगत नाही. मी दोन्ही दृश्यांना रडले आहे, पण दुसऱ्या दिवशी कामं करताना मनात राहतं ते उसाच्या रसाचं.

चेहऱ्याचा मुद्दा यातलाच. कोरियन मालिकेत जन्म बदलतो, चेहरा बदलत नाही. राणी पुन्हा तीच नटी, राजा पुन्हा तोच नट. व्यवहार म्हणून ठीक, नाहीतर प्रेक्षकांना कळणार कसं! पण त्यामुळे आत्मा म्हणजे चेहरा असं होऊन बसतं. 'मिस्टर क्वीन'मध्ये (२०२०) आजच्या काळातला पुरुष स्वयंपाकी जोसॉनच्या राणीच्या देहात सापडतो. तिथं देह आणि जीव वेगळे, ही गोष्ट विनोदानं का होईना, पण खरी मांडली गेली. पाळी, परकर, सासरची पंगत हे सगळं भोगून झाल्यावर त्या पुरुषाची जी तारांबळ उडते, ती प्रत्येक नवऱ्याला दाखवावी.

हेतूचा हिशोबही तपासण्यासारखा आहे. 'मून एम्ब्रेसिंग द सन' (२०१२) बघितली असेल तर आठवेल: राजमाता एका मांत्रिक बाईकडून होणाऱ्या युवराज्ञीला, यॉन-ऊला, मारवते, आणि त्या जारणविधीत धाकटी राजकन्या मिन-ह्वा सामील असते, कारण तिला यॉन-ऊचा भाऊ नवरा म्हणून हवा असतो. प्रत्यक्षात यॉन-ऊ मरत नाही. मांत्रिक बाईनं तिला फक्त मृतवत केलेलं असतं. मग मिन-ह्वाचा गुन्हा किती? मालिका तिला दासी करते, काही वर्षांनी राजा माफ करतो, नवरा परत जवळ घेतो. आता यशोधर राजाची कथा आठवा. जन्नानं ती १२०९ साली कन्नडात लिहिली. आपल्या किल्ल्यातली कमल बसदी १२०४ची, म्हणजे त्याच पिढीतली. बळी द्यायला यशोधर तयार नसतो, म्हणून आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा कापतो. जीव गेला नाही, कोंबडा पिठाचाच. तरी मारायचा संकल्प केला म्हणून माय-लेक मोर, कुत्रा, साप, मासा, बोकड, कोंबडा असे जन्म घेत हिंडतात. मिन-ह्वाची जारणातली भूमिका हा पिठाचा कोंबडाच. पण तिच्या बाबतीत संकल्प राजाच्या सहीनं पुसला जातो. गिरीश कर्नाडांनी 'हिट्टिन हुंज' लिहिलं तेव्हा त्यांनाही हाच कोंबडा सोडवेना. कोरियन लेखिकेला मात्र शेवटच्या भागात सगळ्यांचे संसार लावायचे होते.

धर्म कथेला नीट धरून ठेवतो अशीही उदाहरणं आहेत. 'किंगडम'मध्ये (२०१९) प्रेतं उठून माणसं खायला लागतात. प्रेतं जाळली तर संकट टळेल, पण उमरावांचं म्हणणं, आईबापांनी दिलेलं शरीर नासायचं नाही. कन्फ्यूशियसच्या त्या नियमापायी गाव बुडतं. इथं श्रद्धा ही सजावट नाही, कथेचं चाक आहे. ते समजायला थोडा इतिहास लागतो: गोर्यो राजवटीत (९१८ ते १३९२) बौद्ध धर्माला राजाश्रय, ऐंशी हजारांहून जास्त लाकडी ठशांवर कोरलेला त्रिपिटक, जोसॉन (१३९२ ते १९१०) आलं आणि कन्फ्यूशियसच्या शिकवणीपुढं भिक्षूंना राजधानीत पाऊल टाकायची बंदी झाली. मधल्या मध्ये मुदांग, म्हणजे अंगात येणाऱ्या, कौल सांगणाऱ्या बायका टिकल्या. दरबारात तुच्छ, आणि राण्यांना मूल होईना की त्यांनाच बोलावणं. हसू नका. पद्मावतीची ओटी आपण भरतोच, आणि अमावास्येला स्तवनिधीच्या क्षेत्रपालाकडे निघालेल्या गाड्यांतून सगळेच काही वीतरागाचं दर्शन एवढ्यासाठी जात नाहीत. शासनदेवता कर्म तोडू शकत नाही हे पाठशाळेत शिकवायचं आणि नवस मात्र बोलून ठेवायचा.

कोरियातले प्रेक्षक कशावर चिडतात तेही बघण्यासारखं आहे. २०२१च्या मार्चमध्ये 'जोसॉन एक्झॉरसिस्ट' ही मालिका दोन भागांत बंद करावी लागली, कारण जोसॉनच्या काळात चिनी मूनकेक आणि चिनी पद्धतीची अंडी मांडलेली दिसली, इतिहासाची मोडतोड झाली म्हणून. ताटातला पदार्थ चुकला तर मालिका बंद. कर्माचा हिशोब चुकला तर पुरस्कार.

एका बाबतीत मात्र मला त्यांच्याकडून घ्यावंसं वाटतं. 'हॉटेल डेल लुना'ची मालकीण जांग मान-वॉल तेराशे वर्षं रागावलेली आहे. नटते, महागडं पितं-खाते, हिशोबाला चोख, आणि राग सोडत नाही. तिच्याच हॉटेलातली एक कर्मचारी, सुनेनं मुलगी जन्माला घातली म्हणून ज्या घरानं त्या लेकराला जगू दिलं नाही, त्या घराचा वंश कधी बुडतो याची वाट बघत थांबली आहे. आपल्या कथांत रागावलेली बाई एक तर नरकात जाते, नाहीतर दोन ओळींत आर्यिका होते. राजुलमतीचंच घ्या. नवरदेव मांडवातून परत फिरला, पशूंचा आक्रोश ऐकून. त्याचं बरोबर होतं, शंभर टक्के. पण हातावर मेंदी असलेली ती मुलगी त्या रात्री काय म्हणाली असेल? तिच्या विरहाची गाणी आपण गातो, तिचा राग कुणी लिहिला नाही. वैराग्य खरंच, पण त्याच्या आधीची रात्रसुद्धा खरी होती. आत्याला मान-वॉल फार आवडली. "बरं केलं, सोडली न्हाई," म्हणाली.

मान-वॉलच्या गोष्टीत एक जागा आहे जिथं कथा कुणाला माफी देत नाही आणि तरी सुटते. जिच्यामुळे तिचा भावासारखा सोबती फासावर गेला ती राजकन्या आजच्या काळात पुन्हा जन्मली आहे, तोही जन्मला आहे, आणि दोघं एकमेकांच्या प्रेमात आहेत. त्यांना काही माहीत नाही. मान-वॉलला सगळं माहीत आहे. ती सूड घ्यायला निघते, आणि त्याला आनंदात बघून सोडून देते. इथं कुठला देव मध्ये पडत नाही. आयुष्यभर एकीनं धरलेलं वैर ज्याच्यासाठी धरलं त्यालाच नको आहे, एवढं तिला दिसतं.

'गॉब्लिन'ला तेवढा धीर झाला नाही. उन-ताक मरते, चहा नाकारते, आठवण तशीच घेऊन नव्या जन्मात येते, पुन्हा गणवेशात, पुन्हा त्याच चेहऱ्यानं, आणि तो तिची वाट बघत उभा. सगळ्या हसतात, रडतात, पडदा पडतो. पण नियम मालिकेनंच घालून दिला होता: माणसाला जन्म चार. तो मरणार नाही. चौथा जन्म संपल्यावर ती पुन्हा येणार नाही, आणि तो आठवत बसलेला असणार. लेखिकेनं हा हिशोब केला असेल, असं मला वाटतं. भाग मात्र सोळाच होते.